महागडा मदरबोर्ड काढून साधा बसवताना

मदरबोर्डामुळे कॉम्प्युटर वेगवान होत नाही. तोच प्रोसेसर, तीच रॅम आणि तेच ग्राफिक्स कार्ड आधी महागड्या आणि मग साध्या बोर्डावर लावून पाहा. गेममध्ये किंवा व्हिडिओ रेंडर करताना सहसा नाव घेण्यासारखा फरक दिसत नाही. जास्तीचे पैसे जातात ते जास्तीचे पोर्ट, जास्तीचे एम.२ स्लॉट (चपट्या एसएसडीची जागा), दणकट वीजपुरवठा, वायफाय, रंगीत दिवे आणि धातूची झाकणं यांच्यासाठी. यातलं जे वापरता त्याचे पैसे वसूल, बाकीचे शोभेसाठी गेले. त्यामुळे महागडा बोर्ड त्रास द्यायला लागला, म्हणजे यूएसबी मधेच तुटायला लागलं, स्लीपमधून उठताना स्क्रीन काळीच राहायला लागली, चिपसेटवरचा (पोर्ट आणि डिस्क सांभाळणाऱ्या चिपवरचा) छोटा पंखा करकरायला लागला, की त्याच तोलामोलाचा दुसरा शोधण्याआधी एक पायरी खाली उतरून बघावं. बहुतेकांचं तिथे व्यवस्थित भागतं. फक्त खाली उतरताना कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही, हे आधी पक्कं हवं.

आधी आरोपी बोर्डच आहे ना, ते बघा

बोर्ड बदलणं हे कॉम्प्युटरमधलं सगळ्यात कटकटीचं काम, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर बसलेलं असतं. त्यामुळे आधी फुकटातले उपाय संपवा. पहिला उपाय बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करण्याचा, आणि तो नुसता सोपस्कार म्हणून करायचा नाही. २०२१ मध्ये एएमडीच्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी उपकरणं अचानक तुटत होती. अनेकांना बोर्ड खराब झाला असं वाटलं, पण दुरुस्ती आली ती बायोसमधून. पुढच्याच वर्षी काही रायझन, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर असलेली, मशिन्स मधूनमधून क्षणभर अडखळत होती. त्याचं मूळ प्रोसेसरमधल्या टीपीएममध्ये (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात) निघालं आणि तेही बायोस अपडेटनेच सुटलं.

त्यानंतर रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करून एखादा दिवस मशिन नेहमीसारखं वापरा. त्रास थांबला तर बोर्डापेक्षा रॅमच्या वेगावर संशय घ्या. एकेक स्टिक वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून बघा. कुठलीही स्टिक ठरावीक एका स्लॉटमध्येच अडत असेल तर बोर्डावरचा संशय बळावतो. मात्र एलजीए, म्हणजे पिना बोर्डावर असलेल्या, सॉकेटमधली एखादी वाकडी पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलरही हेच लक्षण दाखवतो. लोड आल्यावर मशिन थेट बंद पडत असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा, तपासल्याशिवाय बोर्डाला दोष देऊ नका. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीचाच त्रास असेल तर मागच्या पोर्टला लावून बघा. पुष्कळदा कॅबिनेटमधली केबलच सुमार असते.

आणि बोर्ड वॉरंटीत असेल तर आधी क्लेम करा.

मागे काय जोडलंय ते मोजा

कॅबिनेटच्या मागे वाकून बघा आणि खरोखर काय काय लावलंय ते कागदावर लिहा. यूएसबी किती, नेटवर्क केबलने की वायफायने, मॉनिटर ग्राफिक्स कार्डाला की बोर्डाला, आवाज कुठल्या जॅकमधून. मग आत: एम.२ ड्राइव्ह किती, साटा (केबलने जोडलेल्या) डिस्क किती, पंखे किती, ग्राफिक्स कार्डाशिवाय दुसरं कुठलं कार्ड आहे का. यादी बहुधा अपेक्षेपेक्षा छोटी निघते.

आता या यादीचे दोन भाग पाडा. काही गोष्टी नंतर स्वस्तात जोडता येतात: वायफाय, ब्लूटूथ, जास्तीचे यूएसबी, बऱ्या आवाजासाठी यूएसबी डॅक, पंख्यांसाठी हब. यांच्यापायी महाग बोर्ड घेण्यात अर्थ नाही. काही मात्र कायमच्या असतात: वीजपुरवठ्याचे फेज (प्रोसेसरची वीज वाटून घेणारे भाग), रॅमचे स्लॉट, प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट, बायोस फ्लॅशबॅकचं बटण (मशिन चालू होत नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करणारं). बारकाईने बघायचं ते या दुसऱ्या भागात.

त्यातही वीजपुरवठा, म्हणजे व्हीआरएम, सगळ्यात महत्त्वाचा, आणि स्वस्त बोर्डांची खरी काटकसर तिथेच होते. प्रोसेसरच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा इथे फसवतो. ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा एएम४, म्हणजे एएमडीच्या आधीच्या सॉकेटचा, रायझन सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो, १०५ वॅटचा १४२ पर्यंत. इंटेलचा कोअर आय७-१३७०० तर ६५ वॅटचाच गणला जातो, पण टर्बोत, म्हणजे वेग तात्पुरता वाढवताना, त्याची मर्यादा २१९ वॅट आहे. असा प्रोसेसर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नसलेल्या बारक्या बोर्डावर बसवला तर तो चालतो, फक्त थोड्या वेळाने व्हीआरएम तापतं आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग गुपचूप खाली आणतो. मशिन हळू का झालं, याचा पत्ताच लागत नाही. सहा कोअरचा ६५ वॅटचा प्रोसेसर असेल तर साधा बोर्ड निर्धास्त घ्या. आठ किंवा जास्त कोअर असतील आणि मशिन तासन्‌तास पूर्ण लोडवर चालत असेल, तर सॉकेटशेजारच्या व्हीआरएमवर धातूचे हीटसिंक आणि प्रोसेसरसाठी पूर्ण आठ पिनचं पॉवर सॉकेट हवंच. इथे वाचवलेला पैसा नंतर महागात पडतो.

चिपसेटची पायरी

एएम४ वर एक्स५७० वरून बी५५० वर येणं हा माझ्या मते सगळ्यात कमी तोट्याचा बदल. ग्राफिक्स कार्ड आणि पहिला एम.२ प्रोसेसरला थेट जोडलेले असल्याने, प्रोसेसर ज्या पिढीचा आहे त्यानुसार, त्यांना पीसीआयई ४.० (कार्ड आणि ड्राइव्हच्या जोडणीची वेगवान पिढी) मिळतंच. फक्त चिपसेटमागचे स्लॉट ३.० वर येतात. शिवाय एक्स५७० च्या बहुतेक बोर्डांवर असलेला तो चिपसेटचा पंखा इथे लागत नाही. बी४५० वर प्रोसेसरला थेट जोडलेलं ते ३.० आणि चिपसेटमागचं २.०, शिवाय रायझन ५००० साठी त्याचा बायोस नवा असावा लागतो. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येत नाही, आणि पीसीआयईही ३.० पर्यंतच, पण ऑफिसच्या कामाला तो पुरून उरतो. उलट दिशेने एक अडचण आहे: रायझन १००० आणि २००० मालिकेचे प्रोसेसर बी५५० च्या अधिकृत यादीत नाहीत.

इंटेलच्या एलजीए १७०० वर झेड६९० किंवा झेड७९० वरून बी६६० किंवा बी७६० वर आलात तर प्रोसेसरचं मल्टिप्लायर ओव्हरक्लॉकिंग जातं, रॅमचं एक्सएमपी राहतं. एच६१० वर मात्र रॅमचा वेग वाढवता येत नाही आणि रॅमचे स्लॉटही दोनच. तुमच्याकडे रॅमच्या चार स्टिक असतील तर एच६१० चा विषय तिथेच संपला.

एलजीए १७०० वर एक सापळा आहे. एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन रूपांत मिळतो आणि खोकी सारखीच दिसतात. दोन्ही रॅमना २८८ च पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. पूर्ण मॉडेल नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

बोर्ड नक्की करण्याआधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर दोन गोष्टी तपासा. एक, प्रोसेसरची यादी. तुमच्या प्रोसेसरसमोर किमान बायोस आवृत्ती लिहिलेली असते. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात त्याहून जुना बायोस असू शकतो, आणि मग फ्लॅशबॅकचं बटण नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. दोन, मॅन्युअलमधला एम.२ आणि साटाचा तक्ता. स्वस्त बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये ड्राइव्ह लावला की एखाददोन साटा पोर्ट बंद पडतात, हे त्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आकाराचं फार काही नाही. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो. सॉकेट तोच असेल तर कूलरही तोच चालतो. मात्र कॅबिनेटला पुढे यूएसबी-सी पोर्ट असेल तर त्याचा हेडर (केबल लावायच्या पिनांची जागा) नव्या बोर्डावर आहे का बघा. तसंच एआरजीबी दिव्यांसाठी ५ व्होल्टचा तीन पिनचा हेडर लागतो. स्वस्त बोर्डावर कधी कधी १२ व्होल्टचा चार पिनचाच असतो. त्यात ५ व्होल्टची पट्टी दडपून बसवलीत तर ती जळेल.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी

या टप्प्याला घाई केली तर बोर्ड नीट बसूनही स्वतःच्याच फायलींपासून तुम्ही बाहेर राहाल. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची किल्ली जुन्या मशिनच्या टीपीएममध्ये असते. बोर्ड बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. अनेक लॅपटॉप आणि तयार मशिन्सवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या लक्षातही न येता चालू झालेलं असतं. सेटिंग्जमध्ये जाऊन तपासा, की कागदावर उतरवून घ्या आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा किंवा सरळ बंद करा. ती की त्याच मशिनवरच्या फाइलमध्ये ठेवून काय उपयोग!

मग विंडोजचं लायसन्स. ॲक्टिव्हेशनच्या पानावर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं दिसायला हवं; नसेल तर आत्ताच जोडा. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. मशिनसोबत आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे तिथे नव्या लायसन्सचा खर्च हिशेबात धरा. स्वस्त बोर्डाची बचत कधी कधी इथेच उडून जाते.

महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या. नव्या बोर्डाचा नेटवर्क आणि वायफाय ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, नाहीतर इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट अशी कोंडी होते. जुन्या कंपनीची पंखे आणि दिवे चालवणारी सॉफ्टवेअर काढून टाका. जुन्या बोर्डावर बायोसमधून डिस्कचं रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणं) केलं असेल तर त्यातला डेटा आधी दुसरीकडे हलवा. नव्या बोर्डाला ते रेड कळेलच असं नाही.

उतरवणी

मशिन बंद, एसएमपीएसचा स्विच बंद, केबल काढलेली, आणि मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज काढून टाकलेली. मोबाइलने आतले फोटो काढा, विशेषतः उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या बारक्या वायरींचे. काम करताना कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला अधूनमधून हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज तिथे जाईल.

आधी ग्राफिक्स कार्ड. स्लॉटच्या टोकाची खिट्टी मोठ्या कार्डाखाली झाकली जाते. तिथे बोट पोचत नसेल तर प्लास्टिकची किंवा लाकडी काडी वापरा. स्क्रूड्रायव्हर सटकला तर बोर्डावर ओरखडा उठतो.

एएम४ असेल तर कूलर काढताना जपून. या प्रोसेसरच्या खाली १३३१ पिना असतात आणि वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला इतकी घट्ट धरते, की कूलर सरळ वर ओढला तर बंद सॉकेटमधूनही प्रोसेसर उपटून बाहेर येतो. म्हणून काम सुरू करण्याआधी मशिनला दहा मिनिटं लोड द्या, पेस्ट मऊ होऊ द्या, मग स्क्रू सोडवून कूलर हलक्या हाताने डावीउजवीकडे पिळा. पकड सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला. एलजीए आणि एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) वर प्रोसेसर धातूच्या चौकटीत अडकलेला असल्याने ही भीती नाही, पण तिथे पिना बोर्डावर असतात आणि उघड्या सॉकेटवर पडलेला एक स्क्रूसुद्धा बोर्ड निकामी करू शकतो.

बोर्ड काढल्यावर कॅबिनेटमधले पितळी खुंट, म्हणजे स्टँडऑफ, बघा. नव्या बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंट हवा. एटीएक्स काढून मायक्रो एटीएक्स बसवत असाल तर खालचे खुंट काढून टाका. बोर्डाच्या पाठीला टेकलेला जास्तीचा खुंट शॉर्ट करतो.

आधी बाहेर, मग आत

नवा बोर्ड थेट कॅबिनेटमध्ये घालू नका. त्याच्या रिकाम्या खोक्यावर ठेवा आणि फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक आणि दोन पॉवर केबल जोडा: २४ पिनची मोठी आणि प्रोसेसरची आठ पिनची. ही आठ पिनची केबल ४+४ अशी दुभंगते. ६+२ अशी दुभंगणारी असते ती ग्राफिक्स कार्डाची. दोन्ही दिसायला सारख्या, पण त्यांच्या तारांची रचना उलटी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी जबरदस्तीने घालू नका. केबल सुट्या होणारा एसएमपीएस असेल तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा. दुसऱ्या कंपनीच्या केबलचं टोक बसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावावं लागेल. मग पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला आणि बायोस दिसला की निम्मी लढाई संपली. काही दिसलं नाही तर बोर्डावरचे चार बारके दिवे बघा. ते बहुतेक स्वस्त बोर्डांवरही असतात, आणि प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट यातलं कुठे अडलंय ते दाखवतात. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं काळी स्क्रीन ही नेहमीची गोष्ट आहे. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. घाबरून मधेच बंद करू नका.

फ्लॅशबॅकची वेळ आली तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाव द्या आणि खूण केलेल्या पोर्टातच लावा.

कॅबिनेटमध्ये

स्वस्त बोर्डाची पहिली ओळख म्हणजे मागच्या पोर्टांची सुटी पत्र्याची पट्टी. महागड्या बोर्डावर ती आधीच जोडलेली असते, त्यामुळे इथे ती खोक्यातच विसरली जाते आणि सगळे स्क्रू लावल्यावर आठवते. बोर्ड आत जाण्याआधी ती कॅबिनेटच्या आतून चारही कोपऱ्यांवर टकटक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. तिच्या कडांना पत्र्याच्या पातळ जिभा असतात. बोर्ड तिरका सरकवताना त्यातली एखादी नेटवर्क किंवा यूएसबीच्या भोकात शिरते आणि मग तो पोर्ट कामाचा राहत नाही. स्क्रू आवळण्याआधी मागून टॉर्च मारून बघा.

रॅमच्या दोन स्टिक आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. एम.२ ड्राइव्हचा बारका स्क्रू खोक्यातल्या पुडीत असतो. जुन्या बोर्डाचं एम.२ वरचं हीटसिंक त्याच्यासोबतच गेलेलं असतं आणि नव्यावर नसेल, तर वेगवान ड्राइव्हसाठी सुटं हीटसिंक घ्या. कूलर परत बसवताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराएवढी नवी लावा.

कोपऱ्यातल्या बारक्या वायरी लावायला दिव्याचा उजेड आणि संयम लागतो. दहा जागांपैकी एक पिन नसते. ती रिकामी जागा शोधा आणि मॅन्युअलमधलं चित्र त्या दिशेने फिरवा. पॉवर आणि रिसेट स्विच उलटसुलट कसेही चालतात. दिव्यांना मात्र अधिक-उणे असतं, चुकलं तर ते पेटत नाहीत, इतकंच. यूएसबी ३ चं जाड टोक सरळ दाबा, तिरकं गेलं की आतल्या पिना वाकतात.

बायोस आणि पहिलं बूट

रॅम आपोआप तिच्या खऱ्या वेगाने चालत नाही. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. टीपीएम चालू आहे ना बघा, विंडोज ११ ला तो लागतो. साटाचा मोड जुन्या बोर्डावर जो होता तोच ठेवा. इंटेलच्या नव्या बोर्डांवर व्हीएमडी नावाचा डिस्कसंबंधीचा पर्याय असतो. जुन्यावर तो बंद आणि इथे चालू असेल तर विंडोज निळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याची तक्रार करतं. लोक घाबरून विंडोज नव्याने टाकतात, आणि काम एका पर्यायाचं असतं. ड्राइव्ह जुन्या एमबीआर पद्धतीचा असेल तर सीएसएम या बायोसमधल्या जुन्या पद्धतीच्या सोयीशिवाय तो बूट होणार नाही. असं विंडोज जुन्या मशिनवर असतानाच जीपीटी या नव्या पद्धतीत बदलून घेणं उत्तम.

पहिल्या बूटला विंडोज उपकरणं ओळखत बसेल, एकदोनदा रीस्टार्ट होईल. चिपसेट आणि नेटवर्कचे ड्रायव्हर टाका. विंडोज हॅलोचा, म्हणजे लॉगिनचा, पिन नव्याने लावावा लागेल. ॲक्टिव्हेशन गेलेलं दिसलं तर त्याच पानावरच्या ट्रबलशूटमध्ये हार्डवेअर नुकतंच बदलल्याचा पर्याय निवडा. एवढं करूनही मशिन विचित्र वागलं तर मग विंडोज नव्याने टाका.

लिनक्सवाल्यांना हे सोपं जातं. कर्नल नवा बोर्ड सहसा मुकाट ओळखतो. अडचण दोनच: बूटची नोंद जुन्या बोर्डाच्या मेमरीत राहिलेली असते, ती लाइव्ह पेनड्राइव्हवरून पुन्हा करावी लागू शकते, आणि नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं, त्यामुळे हाताने लिहिलेलं नेटवर्क सेटिंग निकामी होतं.

परतीची मुदत संपण्याआधी

मेमटेस्टची, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची, एक पूर्ण फेरी होऊ द्या. मग प्रोसेसरला अर्धा तास पूर्ण लोड देऊन व्हीआरएमचं तापमान बघा. स्वस्त बोर्डावर त्याचा सेन्सरच नसेल तर प्रोसेसरच्या वेगाकडे लक्ष ठेवा. प्रोसेसरचं तापमान आणि वॅट मर्यादेत असूनही दहा-पंधरा मिनिटांनी वेग पायरीने खाली उतरला, तर व्हीआरएम दमतंय. कॅबिनेटचा मागचा किंवा वरचा पंखा थोडा वाढवून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. प्रत्येक यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह लावून पाहा, हेडफोनमध्ये खरखर ऐका, नेटवर्क १००० मेगाबिटवर जोडलं जातंय का बघा आणि मशिन स्लीपमध्ये घालून उठवा. जुन्या बोर्डाचा जो त्रास होता तो नेमका इथे येतो का, याची वेगळी परीक्षा घ्या.

जुना बोर्ड वॉरंटीत पाठवायचा किंवा विकायचा असेल तर नव्या बोर्डाच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण टाकू नका, ते जुन्यावर बसवा. एलजीए आणि एएम५ चे उघडे बोर्ड कंपन्या अनेकदा परत घेत नाहीत, वाकलेल्या पिनांचं खापर तुमच्यावर फुटतं. झाकण लावण्याआधी सॉकेटचा जवळून एक स्वच्छ फोटो काढा, सिरियल नंबरच्या स्टिकरचा दुसरा. विकत असाल तर टीपीएम आणि बायोसचा पासवर्ड बोर्ड उतरवण्याआधीच पुसायला हवेत. राहून गेलं असेल तर निदान बॅटरी काढून सीएमओएस, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग्ज, रिसेट करा आणि पासवर्ड खरंच गेला का ते तपासा. पट्टी, एम.२ चा स्क्रू आणि हीटसिंक त्याच खोक्यात परत गेलं पाहिजे, आणि बोर्ड गुंडाळायला नव्याची अँटिस्टॅटिक पिशवी आहेच.